आमच्या दगडात निऑन नाही म्हणे

मु. फुलसावंगी

चि. अवधूत यास मामाचे आशीर्वाद.

तू आणि सूनबाई खुशाल असाल असं धरून चालतो, कारण मी भांडायले बसलो आहे आणि आजारी माणसाशी भांडणं बरं नाही. इकडे मी, तुझी मामी आणि म्हैस बरे आहोत. (कापसाच्या भावाचं विचारू नको.)

तुझ्या प्रयोगशाळेचा निकाल भेटला. आमच्या वावरात आभाळातून पडलेला दगड म्हणे आभाळातला नाहीच, इथलाच साधा काळा पाषाण आहे. काहून? तं त्यात निऑन नाही. अरे, मी तुरीच्या तासात उभा होतो. डोक्यावरून घडघडत आला, माती उडाली, बैल दावं तोडून पळाला. दिवाळीत दगड न्यायले आलता तेव्हा तूच समजावलं, की हे निऑनसारखे वायू कोणात मिसळत नाहीत (आपल्या थोरल्या जावयासारखे), म्हणून दगडात तसेच कोंडलेले राहतात. मोठ्या खडकातून फुटून दगड एकटा भटकू लागला, की अवकाशातल्या किरणांचा मार खाऊन खाऊन त्यात नवीन निऑन तयार होते, आणि तो मोजला की किती लाख वर्षं भटकला ते कळते. मी सारं ध्यान देऊन ऐकलं, दोनदा चहा पाजला, आणि तू मलेच खोटं पाडलं. वरून वायू काढायले दगड भट्टीत वितळवला म्हणे. पाहुण्याची विचारपूस करायची तं पाहुणाच जाळायचा, ही कोणती रीत?

दोन वर्षांपासून आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीच येते ते तुले माहीत आहे. गावात पत्रकार आला की बाया आधीच डोळ्याले पदर लावतात. या दगडासाठी पत्रकार आला तेव्हा पहिल्यांदाच लोक हसत फोटोत उभे राह्यले. आता त्याच पेपरात आतल्या पानावर छापून आलं, दगड साधाच. आपला शेजारी खेमसिंग रोज वावराच्या धुऱ्यावरचा एक गोटा चावडीवर आणते आणि सगळ्यांसमोर विचारते, पुंडलिकराव, हा कोण्या ग्रहाचा? मले लई लागते रे ते. आजवर गावात मले कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. तं दुसरा निकाल लिहून पाठव, नाही तं मी स्वतः तिकडे येतो.

तुझा मामा,
पुंडलिकराव

ता. क. : पत्र तुझ्या मामीले वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू वितळवला तो दगड आपल्या न्हाणीतला होता. कापूस वेचायच्या आधी आपल्याकडे बाया वावरात सीतादही करतात, पाच दगड मांडून दहीभाताचा निवद दाखवतात, ते तुले माहीतच आहे. तिले पाचवा चांगला दगड भेटेना, म्हणून तिनं मी भिंतीतल्या देवळीत जपून ठेवलेला आभाळाचा दगड नेऊन मांडला आणि त्याच्या जागी न्हाणीतला ठेवून दिला. (जुन्या लुगड्याच्या धडक्यात बांधून तुझ्या हातात मीच दिला तो.)

आणखी ता. क. : मी तसाच वावरात गेलतो. कापसाच्या पऱ्हाटीखाली आहे, शेंदूर लावलेला. उचलायले वाकलो तं मामी आडवी आली. पूजेत मांडलेला दगड उठवत नाहीत, म्हणे, आणि तुमचा भाचा वितळवून टाकीन. इतकी लाख वर्षं बिचारा एकटाच हिंडला, आता कुठं चार जणांत बसला, त्याले राहू द्या. मी तसाच घरी आलो. म्हणून निकाल आहे तसाच राहू दे. कोणी विचारलं तं सांग, मामा खोटं बोलला.