झाकणाची वाटी तुमची

बाबा,

आपला अबोला चालू आहे, म्हणून लिहून ठेवते. फ्रिजमध्ये आज दोन वाट्या आहेत. झाकणाची तुमची. उघडी माझी, तिला हात लावू नका, तिच्यात अत्तर घातलंय.

काल तुम्ही आत्याला फोनवर सांगत होतात, ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "पोरगी तोंडाने बोलत नाही, पण माझं पोट साफ व्हावं म्हणून रोज जवस उकळून ठेवते. मी दह्यात कालवून खातो. आता सकाळची गाडी कशी वेळेवर सुटते!" हसून हसून माझी पुरेवाट झाली. अहो, ते बुळबुळीत प्रकरण मी गिऱ्हाइकांचे कुरळे केस बसवायला करत होते! ओट्यावर निवत ठेवलेली वाटी रोज कोण चाटून पुसून ठेवतं म्हणून मी बिचाऱ्या मांजरीला रागावत होते.

घाबरू नका, त्यात जवस आणि पाणी एवढंच होतं. खात राहा, फक्त वर पाणी भरपूर प्या. चहा म्हणजे पाणी नव्हे.

बँक सोडून मी केस कापायचं दुकान काढलं, ते तुम्हाला पचलं नाही. पण दुकानातला माल तर पोटाला छान मानवला की! मानेवर केस वाढलेत तुमच्या. संध्याकाळी या, खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवते.

आणि आत्याला काही खुलासा करत बसू नका. आजची वाटी मी खरंच तुमच्यासाठी केली आहे.

तुमची पोरगी