लेखनसाहित्य प्रायोजकत्वाच्या बदल्यात मुख्य सभागृहात तीन मिनिटे मिळण्याबाबत

प्रति,
मा. सहसंचालक (वाहतूक नियोजन)
तथा निमंत्रक, प्रायोजकत्व व सहभाग समिती,
वाहतूक संशोधन परिषद,
तिसरा मजला, लिफ्टसमोरची खोली.

विषय : पेन्सिली नग ३४० स्वीकारून अर्जदारास लेखनसाहित्य प्रायोजक म्हणून मान्यता देणे व त्यापोटी देय असलेली तीन मिनिटे देणेबाबत.

संदर्भ : १) आपली पुस्तिका 'प्रायोजकत्व व सहभागाच्या संधी', पान ११, तळाची ओळ.
२) आपली त्रुटीपत्रे, एकूण तीन.

महोदय,

१. मी वाहनमोजणी विभागात गणक आहे. चौकाच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून आठ ते आठ बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची व माणसाची तक्त्यात रेघ मारायची, हे काम मी बावीस वर्षे करतो आहे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दुसरे काही येत नाही आणि त्याबद्दल कधी वाईट वाटले नाही.

२. मागणी आधीच सांगतो, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी 'कमी वर्दळीच्या चौकांत सिग्नलची अनावश्यकता' हा निबंध वाचला जाणार आहे. त्यात आमचा चौक क्रमांक चौदा आहे. निबंधाची शिफारस त्याच दिवशी स्वीकारली जाईल आणि आमच्या चौकाला मंजूर झालेला सिग्नल रद्द होईल, असे ऐकतो. निबंधातला आमच्या चौकाचा आकडा चुकीचा आहे. मोजणी माझी असल्याने ही गोष्ट मला माहीत आहे. एवढे सांगायला मला तीन मिनिटे हवी आहेत.

३. ही तीन मिनिटे मी सरळ मार्गाने मागून पाहिली. सहभागी म्हणून अर्ज केला, तेव्हा पदवी व संस्थेचे पत्र मागितले गेले. प्रेक्षक म्हणून केला, तर प्रेक्षकांनी बोलायचे नसते असे कळले. भित्तिपत्रकासाठी केला, तर त्याचा सारांश तीन महिने आधी द्यायचा होता. टोलवाटोलवी म्हणणार नाही, प्रत्येकाने नियमच दाखवला. शेवटी आपल्या स्वागतकक्षातल्या बाईंना माझी दया आली. त्यांनी पुस्तिका उघडून दाखवली आणि हळूच म्हणाल्या, "काका, प्रायोजकाला कुणी काही विचारत नाही. प्रायोजक व्हा."

४. पुस्तिका मी घरी नेऊन दोनदा वाचली. सुवर्ण आणि रौप्य माझ्या आवाक्याबाहेरचे. चहापान गेलेले. पिशव्या गेलेल्या. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्राची फीत सुद्धा एका टायरवाल्याने घेतलेली. तळाच्या ओळीत मात्र 'लेखनसाहित्य (वस्तुरूपाने चालेल)' असे होते, आणि समोर 'मुख्य सभागृहात परिचय, तीन मिनिटे' असे लिहिले होते. वस्तू माझ्याकडे होती. दर मोजणीला कार्यालय डझनभर पेन्सिली देते आणि आम्ही नवराबायको दोघेही गणक, त्यात दोघेही जपून वापरणारे. माळ्यावरचे खोके काढून मोजले, तीनशे पंचावन्न भरल्या.

५. त्यावर आपली त्रुटीपत्रे आली. त्यांची उत्तरे अशी. (अ) 'वार्षिक उलाढाल नमूद नाही.' माझ्या कोपऱ्यावरून वर्षाला सुमारे एकोणीस लाख वाहने जातात, ती नमूद केली होती. उलाढाल म्हणजे हे नव्हे, हे आता समजले. (आ) 'बोधचिन्हाच्या चौकटीत रेघोट्या आढळल्या.' त्या रेघोट्या नाहीत. चार उभ्या व एक आडवी हेच माझे चिन्ह आहे, दुसरे कुठून आणू? (इ) 'पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या असून प्रतिनिधींस इजा होऊ शकते.' आमच्या कामात सगळे असेच करतात. एक टोक तुटले की पेन्सिल उलटी करायची. टोक करत बसलो तर तेवढ्यात दोन मोटारी निघून जातात. हवे तर एक बाजू घासून बोथट करून देतो. (ई) 'नग ३५५ कळवले, ३४० सादर केले.' पंधरा पेन्सिली मी काढून ठेवल्या. रेघा मोजताना पेन्सिल मधोमध दातांत धरायची माझ्या बायकोला सवय होती. त्या पंधरांवर तिच्या दातांच्या खुणा आहेत. त्या देणार नाही, मग प्रायोजकत्व गेले तरी चालेल.

६. आता आकड्याचे. मोजणी तीन दिवसांची होती. मी ईशान्य कोपऱ्यावर, बायको समोरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर. पहिल्या दिवशी माणसे २,०४०. दुसऱ्या दिवशी १,९९२. तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ६६८. बारानंतर आम्ही मोजले नाही. म्हणजे अठ्ठावीस तासांत ४,७००, ताशी एकशे अडुसष्ट. सिग्नलला ताशी दीडशे लागतात. सिग्नल बसतो.

७. बारानंतर न मोजण्याचे कारण असे. दर तासाला दोन्ही कोपऱ्यांचे आकडे ताडून पाहायचे असतात आणि नियमाप्रमाणे नैर्ऋत्य कोपऱ्यावरच्याने रस्ता ओलांडून यायचे असते. ओलांडणाऱ्या माणसाची रेघ, तो पलीकडच्या पदपथावर दोन्ही पायांनी चढला की, त्या बाजूच्या गणकाने मारायची असते. गणकही माणूसच, त्याचीही रेघ मारावी लागते. बायको दर तासाला पदपथावर चढून म्हणायची, "पोचले बरं का. मारा माझी रेघ." मी म्हणायचो, तुझ्यामुळेच आमच्या चौकाची वर्दळ टिकून आहे. हा आमचा अकरा वर्षांचा जुना विनोद होता, आणि कंटाळा आला तरी आम्ही तो सोडला नव्हता. त्या दिवशी बाराला ती तक्ता काखेत घेऊन निघाली. डावीकडून मध्यम मालवाहू ट्रक वळला. ते वळण माझ्या रकान्यातले. मी ट्रकची रेघ मारली, आणि मग मान वर केली.

आधी रेघ, मग बाकीचे. बावीस वर्षांची सवय आहे. वाहन ओळ ओलांडते आणि हात आपोआप चालतो. मी खुर्चीवरून उठलो तो रेघ मारून उठलो. हे मी कुणाला सांगितलेले नाही. चौकशीत विचारले नाही, म्हणून लिहून घेतले गेले नाही. माणसांच्या रकान्यात तिची रेघ नाही. ती पदपथावर चढली नव्हती.

८. त्यानंतरचे पंधरा-पंधरा मिनिटांचे बत्तीस रकाने कोरे राहिले. आठवड्याने पर्यवेक्षक साहेबांनी तक्ता संगणकात भरायला घेतला. साहेब मनाचे चांगले आहेत, दवाखान्यात तेच सर्वांत आधी आले होते. पण रिकामे सोडले की मशीन पुढच्या पानावर जात नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी शून्य भरले. मग ४,७०० ला अठ्ठावीस ऐवजी छत्तीसने भागले गेले आणि उत्तर आले एकशे एकतीस. सिग्नल बसत नाही. सिग्नल घालवणारे आठ तास म्हणजे ज्या आठ तासांत मी आधी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि नंतर कागदांवर सह्या करत होतो, तेच.

९. निबंध लिहिणाऱ्या संशोधक बाईंना मी फोन केला. त्या नीट बोलल्या, उडवून लावले नाही. त्यांनी समोरचा आलेख पाहून सांगितले की आमच्या चौकाची तिसऱ्या दिवसाची दुपार फारच थंड आहे, बारा ते आठ एकही माणूस नाही आणि वाहन फक्त एक. मी म्हटले, ते एक वाहन मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "काका, शून्य हीसुद्धा माहितीच असते. तक्त्यात बदल करायचा तर सभागृहात हरकत नोंदवावी लागेल." हरकत कुणी नोंदवायची, तर सहभागींनी किंवा प्रायोजकांनी. म्हणून पेन्सिली.

१०. मोजणी पुन्हा करून घ्यावी, असेही आपण म्हणाल. मोजणी चालूच आहे आणि आकडे कमी येत आहेत. ते का, हेही कबूल करतो. बायकोच्या जागी अनुकंपा तत्त्वावर माझ्या मुलीला घेतले. आपल्या विभागाचे उपकार आहेत, घर चालते. पण जागा म्हणजे तीच जागा, नैर्ऋत्य कोपरा. कोपरे बदलून द्या, मी तिकडे बसतो, असा अर्ज मी दोनदा केला. मधल्या काळात कोपरा बदलला तर आकडे तुलनेला चालत नाहीत, असे उत्तर आले. मुलीलाही सांगून पाहिले, तू उठू नकोस, मीच येत जाईन. ती म्हणाली, "बाबा, नियमाने मीच यायचं असतं. तुम्ही बसा." आईसारखीच आहे, ऐकत नाही. दिवसातून बारा वेळा ती रस्ता ओलांडते. ती पदपथावरून उतरली की माझा हात थांबतो. ती माझ्या बाजूला दोन्ही पायांनी चढून मी तिची रेघ मारेपर्यंत मला दुसरे काही मोजता येत नाही. तेवढ्या वेळात गेलेली माणसे व वाहने तक्त्यात येत नाहीत. दर तासाला साधारण दीड मिनिट. ही माझी कसूर आहे आणि त्याबद्दल होईल ती कारवाई मान्य आहे. पण त्यामुळे चौक मोकळा झाला असे कुणी समजू नये.

११. मला रडू येत नाही. घरी येणारे त्याची काळजी करतात. बहिणीने तर मला डॉक्टरकडेही नेऊन आणले. मला एवढेच कळते की आकडा चुकला आहे आणि तो मलाच माहीत आहे, आणि हे डोक्यातून जात नाही. जेवताना सुद्धा मी छत्तीसने भागतो आणि अठ्ठावीसने भागतो. सिग्नल आला की आकडे ताडायला येणाऱ्याला थांबून येता येईल. वाहने थांबतील. मग आपण म्हणाल तितके शून्य भरा.

१२. सबब नम्र विनंती अशी की, पेन्सिली नग ३४० दाखल करून घ्याव्यात, आणि तीन मिनिटांत मला भाषण करायला लावू नये, मला ते जमणार नाही. फक्त तिसऱ्या दिवसाचा मूळ तक्ता पडद्यावर दाखवावा व तीन मिनिटे तसाच ठेवावा. बाराच्या खाली सगळे कोरे आहे, शून्य कुठेही नाही, हे मागच्या रांगेतल्यालाही दिसेल. ट्रकची एक रेघ आहे, ती मी पुसणार नाही. बायकोची रेघ मारायची परवानगी मी मागत नाही. नियम नियम आहे, ती पोचली नाही. मुलीची रेघ मला रोज बारा वेळा मारायची आहे, तेवढी मारता येऊ द्यावी.

आपला नम्र, आणि हुकूम होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसणारा,

गणक, चौक क्रमांक चौदा,
ईशान्य कोपरा

दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत :
१) पेन्सिली, नग ३४०, खोकी दोन, दोरीने बांधून.
२) तिसऱ्या दिवसाचा मूळ तक्ता, माझ्या कोपऱ्याचा. (समोरच्या कोपऱ्याचा तक्ता पोलिसांकडे जमा आहे.)
३) बोधचिन्ह, स्वच्छ प्रत.
४) कोपरा बदलून मिळण्याचे दोन्ही अर्ज व त्यांची उत्तरे.

टीप : अर्ज हाताने लिहिल्याबद्दल क्षमा असावी. मुलीला टंकलेखन चांगले येते, पण परिच्छेद ७ तिने वाचू नये असे वाटते. त्याच कारणाने उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये, चौकात पाठवावे. शिपायाला सांगावे की मी बसथांब्याच्या बाजूला असतो. तिथपर्यंत रस्ता न ओलांडता येता येते.