डाव्या हातातला काटा

प्रिय पप्पा,

आज शुक्रवार, इथे परदेशात सुट्टीचा वार. खोलीतले बाकीचे क्रिकेट खेळायला गेले. मी पण बूट घातले होते, परत काढले. संध्याकाळपर्यंत घरी एक उत्तर द्यायचंय, हो किंवा नाही. ते तुमच्याशी बोलल्याशिवाय द्यायला मन होत नाही. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, मला माहीत आहे. तरी पण.

विषय आन्याचा आहे. तुमची नात आता अडीच वर्षांची झाली. सकाळी तुमच्या सुनेने, लीनाने तिचा व्हिडिओ पाठवला. आन्या टेबलाशी बसलीय, पुढ्यात वरणभात आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. जेवणाआधी क्रूसाची खूण करायची, तर पोरीने काय केलं? डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटाला धरून उचलला. तो कपाळाला लावला, छातीला लावला, दोन्ही खांद्यांना लावला आणि परत मांडीवर नेऊन ठेवला. बाजारातून आणलेली पिशवी ठेवावी तसा. मग डाव्या हाताने काटा उचलून बटाट्यात खुपसला. जेवण संपेपर्यंत उजवा हात मांडीवरून हलला नाही.

लीना आधीच घाबरून तिला बोळिंजच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्यांनी आन्याला चेंडू दिला, पेन दिलं, गोळी दिली. सगळं तिने उजव्या हाताने घेतलं. डॉक्टर म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. घरी कोणी असं जेवतं का?"

लीना म्हणाली, "जेवायचे, तिचे आजोबा."

पप्पा, तिला वाटतं जेवायचं म्हणजे असंच जेवायचं असतं. आधी एक हात उचलून बाजूला ठेवायचा, मग दुसऱ्याने खायचं.

आता फिलू आत्याने ठरवलंय, उद्यापासून पोरीचा डावा हात जेवताना ओढणीने बांधायचा. "आठ दिवसांत सवय मोडते बघ. आमच्या वेळी पट्टी मारून मोडायचे, मी तर नुसती ओढणी म्हणते." तुमची बहीण, तुम्हाला माहीतच आहे. लीना म्हणते, "मी नाही बांधणार. पण जूनला नर्सरी आहे, तिथे बाकीची पोरं हसतील. तू बाप आहेस, तू सांग." म्हणजे तिकडे दोघी माझ्या उत्तरासाठी थांबल्यात आणि इथे मी खोलीत फेऱ्या मारतोय.

तो काटा मीच पाठवला होता. आठवतंय ना? इथे हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर मशीनमधून काटे-चमचे निघतात आणि मी ते फडक्याने पुसत बसतो. वाटलं, आपल्या पोरीने पण नीट खायला शिकावं, चार माणसांत लाजू नये. आठवीत शाळा सोडलेल्या बापाकडून तिला दुसरं काय मिळणार? नालासोपाऱ्याचा एक जण सुट्टीवर जात होता, त्याच्याबरोबर जोडी पाठवली. पिवळा काटा, पिवळा चमचा, जाड मुठीचे. वटारला घरी ती जोडी पोचली आणि त्याच आठवड्यात लकव्याने तुमची उजवी बाजू गेली.

स्टीलचा चमचा तुमच्या डाव्या हातात राहीना. एक दिवस आन्याचा काटा तुम्ही उचलला आणि तो जाड असल्यामुळे बसला. मग तुम्हाला काटा, तिला चमचा. कंटाळा आला की अदलाबदल. लीना म्हणायची, "एका वर्गात दोन पोरं आहेत, दोन्ही सांडतात." बटाटा निसटून ताटाबाहेर गेला की तुम्ही जड जिभेने "गेला गेला" म्हणायचात आणि आन्या हसून हसून खुर्चीतून घसरायची. हे मी फोनवर बघायचो. मला पण हसू यायचं.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की चमचा तिच्याही डाव्या हातात आहे. माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते अजून शब्दन् शब्द आठवतंय. "पप्पांना मागच्या पडवीत बसवा जेवायला. पोरगी डावखुरी होऊन बसेल." फोन स्पीकरवर होता. तुम्ही ऐकलंत. वर मान केली नाहीत, ताटातला भात गोळा करत राहिलात.

का नाही शिवी दिलीत, पप्पा? वाडीत पाणी सोडायला उशीर झाला तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचात मला. केळीचं एक रोप तुडवलं तर आईच्या माहेरापर्यंत पोचायचात. त्या दिवशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खुर्ची मागे नेलीत म्हणे, आणि लीनाला सांगितलंत, "बरं झालं. इथे वारा आहे."

तुम्ही गेलात तेव्हा मी सात दिवसांसाठी आलो होतो. पडवीतली ती खुर्ची बघितली. बघून तिच्याकडे पाठ करून बसायचो. मनात एकच, की बापाने शेवटचे पाच महिने एकट्याने जेवण केलं, ते माझ्यामुळे.

आज लीनाला फोनवर म्हटलं, "पण तेव्हापासून तर पप्पा मागे जेवत होते. मग ही सवय राहिली कशी?"

ती म्हणाली, "नेल्सन, चिडू नको. ती इथे बसायचीच नाही. आपली वाटी उचलायची आणि मागे जायची. पप्पा खुर्चीत, ती पायरीवर. रोज. तुझा फोन वाजला की मी तिला उचलून आत आणायचे."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाही. पप्पाच सांगायचे, फोन आला, ने तिला, तो ओरडेल."

पप्पा, मला आनंद झाला. खरंच झाला. तुम्ही एकटे नव्हतात. आणि लगेच लक्षात आलं, माझ्या घरातली माणसं माझ्यापासून लपून जेवत होती. मोबाईल वाजला की पळापळ. मी काय पोलीस होतो?

दुपारी इथल्या मेसमध्ये मी डाव्या हातात काटा धरून बघितला. उजवा मांडीवर ठेवला. चार घासांतला एक तोंडात गेला. समोर केरळचा शाजी बसला होता, तो वर हॉटेलात वेटर आहे. म्हणाला, "क्या हुआ भाई, बडा साहब बन गया? साहब लोग भी काँटा लेफ्ट में पकडता है." तीन वर्षं काटे पुसतोय, पण ते कोण कुठल्या हातात धरतं हे मी कधी बघितलं नव्हतं.

आताच घरी फोन केला. फिलू आत्यानेच उचलला. मी म्हटलं, "आत्या, हात बांधायचा नाही."

"मग सवय जाणार कशी?"

"मोठमोठे साहेब काटा डाव्या हातातच धरतात."

"ते साहेब आहेत. ही वटारची आहे."

"ती बघून शिकलीय, आत्या. समोर बसलेल्या माणसाचं बघून. दुसरं कोणी समोर बसलं तर दुसरं शिकेल."

"कोण बसणार समोर? मी आणि लीनाने उजव्या हाताने खाऊन बघितलं, ती बघत पण नाही. तू बसणार येऊन? का मोबाईल बसवू टेबलावर?"

मी फोन ठेवला. आता हे अर्धं राहिलेलं पत्र पुरं करतोय, कारण उत्तर लिहिता लिहिता सापडतंय.

पप्पा, मार्चमध्ये माझा करार संपतो. सुपरवायझरने नवीन कागद कालच पुढे ठेवला होता, मी म्हटलं बघतो. आता बघायचं काही नाही. त्यावर सही करणार नाही. उद्या त्याला सांगतो आणि आज आत्याला सांगतो, की समोर मी बसणार आहे, तोपर्यंत पोरीला जशी जेवते तशी जेवू दे. एप्रिल, मे, दोन महिने मिळतील नर्सरीच्या आधी. पुढे वाडी करीन, नाहीतर विरारला काहीतरी बघीन. आत्ता ते डोक्यात नाही.

मी तिच्यासमोर माझ्या उजव्या हाताने खाणार. तिने बघितलं तर बघितलं. तिचा काटा डाव्या हातातच राहिला तर राहू दे, तो तुमच्याकडून आलाय. तिला जेवायला एक तास लागतो म्हणे. मी आयुष्यात कुठे एक तास बसलोय, ना शाळेत, ना चर्चच्या मिस्सात, ना तुमच्याजवळ. पण तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी उठणार नाही, हा माझा शब्द.

तुमचा,
नेल्सन