गोठा सौलेचा, घर एरबोलचे

मी कुलाश, कै. बेकेन यांची पत्नी, वय ७१, राहणार झारबुलाक, कोस्तानाय प्रांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी गोऱ्ह्याच्या वजनावर पैज लावून पाहावी.

१. राहते घर आणि घोडे, आमच्या रीतीप्रमाणे, धाकटा मुलगा एरबोल याला.

२. चांदीची कंकणे मुलीला. तिने जन्मभर गोठ्याच्या वासाला नाक मुरडले, तरी कंकणे तिचीच.

३. मांसासाठी गोऱ्हे पोसून विकण्याचा गोठा, जवाचे कोठार आणि वजनकाटा मात्र एरबोलच्या बायकोला, म्हणजे माझी सून सौले हिला, एकटीच्या नावे. रीत मोडली म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी कारण वाचावे.

यजमान गेले तेव्हा थोरले दीर चारचौघांत म्हणाले होते, "कुलाश, बाईनं गोठ्यात पाऊल टाकलं की गुरं वाळतात." त्याच गोठ्यावर मी सव्वीस वर्षे घर चालवले. ते वाक्य मी विसरलेले नाही, मेल्यावरही विसरण्याचा विचार नाही.

गेल्या वर्षी गोठ्यासाठी सौलेचे नाव काढताच ते पुन्हा उसळले. मग मी एप्रिलात एकसारखे चाळीस गोऱ्हे घेतले. वीस सौलेला, वीस दीर आणि एरबोल यांना. ज्यांचा नफा जास्त, त्यांचा गोठा, असे ठरले.

सौले दर सोमवारी वजन करी. दीर हसत, "अगं, गोऱ्हे पोसतेस की दवाखाना चालवतेस?" सप्टेंबरात रोजचे सव्वा किलो चढणारे वजन निम्म्यावर आले. तिने त्याच आठवड्यात सगळे विकले आणि नवे वीस आणून बांधले. दीर मात्र वाडवडिलांसारखे हिवाळ्यासाठी लोक मांसाची बेगमी करू लागेपर्यंत थांबले. पाहुणे येत, बरगड्या चाचपत, चरबीला वाहवा देत. वजन जेमतेम चढले. गोऱ्ह्यांनी जव खाल्ला आणि जवाने नफा खाल्ला. सौलेने दोन खेपांत दोनदा कमावले, दिरांचा खर्च कसाबसा निघाला.

एरबोल स्वतःच म्हणाला, "आई, गोठा तिलाच दे. मला घोडे पुरेत." त्या दिवशी मी एकटीने अख्खा समोवार चहा संपवला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

४. यजमानांचे चांदी मढवलेले खोगीर थोरल्या दिरांना. त्यांचा जीव चाळीस वर्षे त्यात अडकला आहे.

हे चौथे कलम आज रद्द केले. नोटरी म्हणाले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. त्यावर दीर काठी टेकत उठले. "खोगीर राहू दे. सही मीच करणार. उद्या कुणी सौलेला गोठ्यातून उठवायला आलं, तर आधी माझं नाव वाचेल."

आमच्यात बायका थोरल्या दिराचे नाव तोंडाने घेत नाहीत, हाताने लिहीत नाहीत. खाली ते त्यांनीच लिहिले आहे.

लिहून देणार: कुलाश (सही)
स्थळ: झारबुलाक. दि. १४ मार्च २०२३

साक्षीदार:
१. तामारा पेत्रोव्हना, शेजारीण (सही)
२. सेयितझान, बेकेनचा थोरला भाऊ. मी चुकलो होतो. (सही)