भाचीच्या वर्गातला मामा

प्रिय ठकू,

परवा फोन लावला होता. तू उचललास आणि मी 'चुकून लागला गं' म्हणून ठेवून दिला. चुकून लागला नव्हता. समोर येऊन बोलायचं तर मान वर होत नाही, म्हणून आता कागद घेऊन बसलोय. अक्षर गिचमिड आहे, पण ते तू परीक्षेत वाचलेलंच आहेस.

कंपनीने मला विद्यापीठाच्या संध्याकाळच्या कोर्सला पाठवलं तेव्हा घरात मी बरीच ऐट मिरवली. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. अर्धं आयुष्य गोदामात गेलं, केस पिकले, आणि आता शिंगं मोडून वासरांत शिरायचं! पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्या मोठ्या गोदामाचा प्रमुख पुरवठा साखळी शिकलेलाच हवा. पहिल्या दिवशी मागचा बाक धरून बसलो, तर फळ्यापाशी तू. तुला संध्याकाळची एक तुकडी मिळालीये हे ताईकडून ऐकलं होतं, पण ती माझीच निघेल असं डोक्यातही आलं नव्हतं. तू मला पाहिलंस, किंचित हसलीस आणि इतरांसारखीच माझी हजेरी घेतलीस. शेजारच्या मुलाला मी लगेच सांगून टाकलं, ही माझी भाची. खूप अभिमान वाटला, खोटं नाही सांगत. पण त्या अभिमानाखाली काहीतरी टोचतही होतं. त्याच्याकडे मी काणाडोळा केला.

मग तो खेळाचा तास आला. चार टेबलं लावलीस. एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक गोदाम, एक कारखाना. बोलायचं नाही, फक्त पुढच्या टेबलाला चिठ्ठी द्यायची, किती खोकी हवीत ते. गोदाम अर्थातच मी. दुकानदाराच्या टेबलावर गिऱ्हाईक जरासं वाढलं, घाऊकवाल्याने थोडी जास्त मागणी केली, आणि मी मनात म्हटलं, ही पोरं काय जाणतात, धंदा उसळी मारणार. दणादण मागवत सुटलो. शेवटी माझ्या टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा असा ढीग झाला की समोर बसलेली मुलगी दिसेना. गिऱ्हाईक तर एकदाच वाढून तिथेच थांबलं होतं. तू शांतपणे समजावलंस की याला चाबकाचा परिणाम म्हणतात, मनगट जरासं हललं तरी टोक लांबवर फटका मारतं. माझं नावही घेतलं नाहीस. पण सगळा वर्ग माझ्या ढिगाकडे बघून हसत होता, आणि माझं डोकं फिरलं.

"अगं ठकू, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. माल कधी मागवायचा ते तू मला शिकवू नकोस."

वर्ग खो खो हसला. आता माझ्याकडे बघून नाही, तुझ्याकडे बघून. मला तेव्हा बरं वाटलं, ठकू. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. पुढच्या तासाला फळ्यावर कुणीतरी 'ठकू मॅडम' लिहून ठेवलं होतं. तू पुसलंस आणि शिकवायला लागलीस. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, वर्ग आवरता येत नाही असं कुणी वर कळवलं तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. घरातलं लाडाचं नाव मी नेऊन चव्हाट्यावर टाकलं, आणि मागच्या बाकावर पाय पसरून बसलो.

परीक्षेचा अभ्यास केलाच नाही. राखीव साठा किती ठेवावा आणि का, या प्रश्नाला मी एका ओळीत उत्तर दिलं, 'अनुभवाने कळतं.' तू शेजारी लाल शाईने लिहिलंस, 'कसं कळतं ते लिहा.' बाकीचा पेपरही त्याच वाणाचा होता. तुझ्या जागी मी असतो तरी मला नापासच केलं असतं.

घरी आल्यावर तुझ्या मामीने निकाल विचारला. मी म्हटलं, भाचीनेच मार्क कमी दिले. एवढंच. शब्दशः खोटंही नव्हतं. मामीने ताईला सांगितलं, मुद्दाम कमी दिले वाटतं. ताईने तुझ्या मावशीला सांगितलं, वर्गात काहीतरी झालं होतं, त्याचा राग काढला. आणि मावशीकडून फिरून आलं तेव्हा पोरगी शिकून शेफारली, सख्ख्या मामावर सूड उगवला, असं झालं होतं. ताईने तुला फोनवर फैलावर घेतलं तेव्हा मी तिच्याच घरी जेवत होतो. तुझा आवाज मला ऐकू येत होता. तू एकदाच म्हणालीस, "आई, तू मामालाच विचार." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत जेवत राहिलो. तेव्हापासून तिने तुझ्याशी बोलणं टाकलं. चाबकाच्या टोकाला ती सगळी होती, पण मनगट माझं होतं.

एवढं होऊनही तू घरी आलीस. तुझा आवाज ऐकताच मी न्हाणीघरात शिरलो आणि मामीला खुणेने सांगितलं, घरी नाही म्हण. आतली बादली धरून उभा होतो. तू मामीशी गप्पा मारल्यास, तिच्या गुडघ्याची चौकशी केलीस, टिपणांची पिशवी ठेवलीस आणि निघालीस. बाहेर येऊन बघतो तर दारातले माझे बूट, जे मी नेहमीसारखे भिरकावले होते, ते भिंतीशी नीट जोडून ठेवलेले. मी घरात आहे हे तुला कळलं होतं. मामीने पिशवी माझ्या हातात दिली आणि ती आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टिपणं बरेच दिवस तशीच पडून होती. मग एकदा उघडली आणि वाचतच गेलो. प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारच्याची चिठ्ठी दिसते, खरं गिऱ्हाईक कुणालाच दिसत नाही, हे तू इतकं सोपं करून लिहिलंयस की मला माझ्या गोदामाचे कोपरे आठवायला लागले. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल, आणि त्याचं खापर मी दर वेळी दुकानदारांवर फोडलेलं. मागच्या आठवड्यात एका दुकानदाराने पंख्यांची दुप्पट मागणी केली. एरवी मी वरती तिप्पट कळवली असती. या वेळी विचारलं, बाबा रे, विकले किती? तो घुटमळला. म्हणाला, विकले नेहमीइतकेच, पण तुम्ही ऐन वेळी माल देत नाही म्हणून जास्त मागून ठेवतो. फोन ठेवला आणि वरती नेहमीइतकीच मागणी कळवली. हे तू मला वर्गातच सांगत होतीस.

आज दुपारी ताईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खेळ, वर्गातलं बोलणं, पेपर, न्हाणीघर. काही वगळलं नाही. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "इतके दिवस माझ्या पोरीला तू माझ्याकडून बोलणी खायला लावलीस?" मी हो म्हणालो. ती रडली, मग तिने मला दार दाखवलं. ते बरोबरच झालं. निघताना ऐकलं, ती शेजारणीला उद्याच्या पहिल्या बसची वेळ विचारत होती. ती तुझ्याकडे येतेय, ठकू. तिला बहुधा पटकन बोलता येणार नाही. तिच्यावर रागावू नकोस, तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. ती पोचायच्या आधी तुला खरं माहीत असावं म्हणून हे पत्र आजच आमच्या गोदामाच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. आणखी एक. साहेबांनी अजून एक संधी दिलीये, मी कोर्सला परत नाव घातलं. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, दोन तुकड्या आहेत, दुसरे सर चालतील का? मी तुझं नाव सांगितलं. तुला मी वर्गात नको असेन तर त्यांना कळव, मी मुकाट्याने तुकडी बदलेन. घरी कुणी कारण विचारलं, तर या वेळी मी खरं तेच सांगेन.

तुझाच,
मामा