मेस्कीटला पाणी

१२ मे
पुन्हा तेच! मेस्कीटखाली चिखल.
अंगणातली हिरवळ उपटून हे झाड लावलं ते कशासाठी? या कोरड्या टूसॉन शहरात पाणी वाचावं आणि शेंगा दळून घरचं पीठ व्हावं म्हणून. वाळवंटातलं झाड ते. तहानलं की मुळं खोल जातात. लाड केले की वरवर फोफावतं आणि वाऱ्याला आडवं होतं. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!
एवारिस्तोला विचारलं. "मी? छे!" माझा नवरा खोटं बोलताना कान खाजवतो. खाजवला.

१९ मे
झाडाखाली घोळ उगवलेली. खुडली, कांदा-टोमॅटोत परतली. एवारिस्तो दोन घास खाऊन उठला. हल्ली काही गोडच लागत नाही त्याला.
मग डोक्यात आलं – पाऊस नाही, तर घोळ आली कुठून? चांगलं झापलं. तो हसला. म्हणाला, यंदा शेंगा धरल्यात, बघ तरी. बघितल्या. हिरव्या, कोवळ्या. माझा राग काही गेला नाही.

२७ मे
बागेला पाणी घालायची नळीच लपवून ठेवली.

३ जून
आता पातेल्याने घालतो! शेजारच्या त्रिनीने पाहिलं. म्हणाली, दोन्ही हातांनी धरून नेतो, मध्येच खाली बसतो.
पँट पट्ट्याने चुण्या पडेपर्यंत आवळलेली असते. मी म्हटलं होतं, बरं झालं, पोट उतरलं. सकाळपासून जिवाला चैन नाही. घरात नुसती येरझारा घालतेय. झाडाचीच काळजी, दुसरं काय.

१४ जून
दुपारी धुळीचं वादळ. झाड आडवं. मुळं सगळी वरच्यावर!
तोंडाला येईल ते बोलले. "सांगत होते ना? जरा दम धरला असतास तर!"
तो पायरीवर बसून ऐकत राहिला. कान खाजवला नाही. "अम्पारो, मला या उन्हाळ्यात खायच्या होत्या शेंगा. पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत."
एप्रिलपासून ठाऊक होतं त्याला. एप्रिलपासून! आणि मी नळी लपवत बसले.

१५ जून
त्रिनीच्या नवऱ्याने दोर बांधून झाड उभं करून दिलं. शेंगा टिकल्यात, अजून हिरव्या आहेत.
नळी बाहेर काढली. पाणी मीच घातलं.