पुढच्या दोन दातांमधली फट

४ मार्च

धाकटीचं लग्न ठरलं! आई सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. मला काय म्हणाली? "फोटोत तेवढं तोंड मिटून हस हं, बाई." सहजच म्हणाली. तेच तर लागलं.

माझ्या पुढच्या दोन दातांत फट. धाकटीचे दात म्हणजे मोत्यांचा सर! दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते आणि स्वतः हसताना तोंडावर हात धरते.

९ मार्च

ठरलं. दोन्ही दात घासून वर कॅप बसवून घ्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगले दात आहेत गं. एकदा घासले की गेले." म्हटलं, जाऊ देत. शनिवारची वेळ घेतली. घरी कुणाला बोलले नाही. प्रार्थनेतही विषय काढला नाही — जणू देवाला कळणारच नाही!

१२ मार्च

आमच्या गल्लीतले बँडवाले आजोबा गेल्या आठवड्यात नेलेली कवळी परत घेऊन आले. माझं सगळ्यात देखणं काम ते! दात कसे एका रेषेत. टोचते का विचारलं.

"टोचत नाही, पोरी. म्हातारी मला ओळखेना."

आजींना हल्ली विसरायला होतं. आजोबा हसले, तर त्या म्हणे घाबरल्या — "हे कोण गृहस्थ? आमच्या ह्यांना बोलवा."

चूक माझीच. कवळीत दात लावण्याआधी माणसाचा जुना फोटो मागून घ्यायचा असतो, मी घेतलाच नव्हता. आज पाहिला. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला! तसाच लावायला बसले. सरळ दात डोळे मिटून लावते मी, हा वाकडा लावताना घाम फुटला.

१३ मार्च

दुरुस्त केलेली कवळी आजोबांनी घातली. आजी सोबत होत्या. आजोबांच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "कुठे होतात इतका वेळ?"

आत जाऊन रडून घेतलं.

घरी गुडघे टेकले. आजवर एकच मागणं असायचं — मला धाकटीसारखी कर. आज ते तोंडातून निघेना. ज्याने मला घडवलं, त्यालाच मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले! प्रभू येशू माझ्यासाठी वधस्तंभावर गेला, तेव्हा त्याने माझे दात पाहिले होते का? माझी किंमत तिथेच ठरली. धाकटीशेजारी उभं राहून ती कमी कशी होईल? किती साधं आहे हे. हे तर लहानपणापासून ऐकतेय, पण आत उतरलं आज.

१४ मार्च

वेळ रद्द केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटले बाई मी!"

२ मे

आज लग्न. सकाळी धाकटीला तयार करताना सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. तर ती रडायलाच लागली — झाला का मेकअपचा बट्ट्याबोळ!

"माझ्यामुळे, ताई? अगं, आई मला रोज म्हणते, ताईसारखी प्रार्थना करायला शीक. मला शब्दच सुचत नाहीत. वाटायचं, देवाला तूच हवी आहेस. मी नुसती शोभेची."

माझी धाकटी!

तिचे हात धरले. म्हटलं, आज सुरुवात तू कर.

"देवा, ही माझी ताई..." म्हणाली. मी हसले, तोंडावर हात न धरता.